दाण्यात तेल भरतं कधी?

ठाण्यात कोपरीला लाकडी घाणा चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "मागच्या खेपेचे शेंगदाणे दिसायला ठीक होते, जरा बारीक होते इतकंच. पण तेल नेहमीपेक्षा बरंच कमी निघालं, गाळ जास्त बसला आणि महिन्याभरात डब्याला खवट वास यायला लागला. व्यापारी म्हणतो घाण्यात दोष आहे, घाणा बसवून देणारा म्हणतो दाण्यात. मुळात दाण्यात तेल येतं कुठून, आणि ते कमी-जास्त का होतं?"

ताई, घाण्याला दोष देऊ नका. दाणे कोवळे होते. माल न बघता एवढं ठामपणे सांगतोय, कारण तुम्ही सांगितलेली लक्षणं सगळी एकाच घरची आहेत. तुर्भ्याच्या एमआयडीसीत तेलबिया तपासण्यात माझी २७ वर्षं गेली, आणि हे चौकडं एकत्र आलं की कारण बहुतेक वेळा शेतातच सापडायचं. आता ते कसं, ते नीट सांगतो.

बऱ्याच जणांना वाटतं की झाड कुठेतरी तेल तयार करतं आणि दाण्यात आणून ओततं, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवावं तसं. तसं होत नाही. झाड दाण्याकडे तेलाचा एक थेंबही पाठवत नाही. पाठवतं ती साखर. तीच आपल्या चहातली, सुक्रोज. पान उन्हात ती करतं, ती देठातून, खोडातून खाली येते आणि भुईमुगात आरीतून शेंगेपर्यंत पोचते. फूल गळल्यावर जी दोरीसारखी आरी जमिनीत घुसते, तिच्या टोकाला शेंग धरते. म्हणजे आरी ही शेंगेची नाळच. पण गंमत अशी की नाळ दाण्याच्या आत जात नाही. रस दाण्याच्या सालीपर्यंत येतो, तिथे उतरवला जातो, आणि आतला भ्रूण तो आपल्या अंगाने शोषून घेतो. दारात दूध ठेवून गेल्यासारखं. पुढचं सगळं काम दाण्याने स्वतः करायचं, एकेका पेशीत, स्वतंत्रपणे. प्रत्येक पेशी आपल्यापुरता घाणा चालवते म्हणा ना, फक्त उलट्या दिशेचा.

हे काम महागडं आहे. साखर तोडत तोडत पेशी तिचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडते. त्यांना विटा म्हणू. तेल बनतं ते कार्बनच्या लांब साखळ्यांचं, त्यांना मेदाम्लं म्हणतात. शेंगदाणा तेलातलं मुख्य मेदाम्ल ओलेइक. त्यात १८ कार्बन, म्हणजे ९ विटा. ग्लुकोजमध्ये कार्बन ६ असतात, पण त्यातून विटा पडतात दोनच. उरलेले दोन कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. तिसरा हिस्सा तिथेच गेला. वर बांधणीला लागणारी ऊर्जा वेगळी. सगळा हिशोब मांडला तर एक किलो तेलामागे साधारण तीन किलो साखर खर्ची पडते. ज्वारीला पिठूळ दाणा भरायला एवढं लागत नाही. पण तेलात ग्रॅममागे ९ कॅलरी असतात आणि पिठात ४. बी लहान, आणि कोंबाला पहिलं पान उजेडात येईपर्यंत तेवढ्यावरच जगायचं. मग शिदोरी सुकी, हलकी आणि ताकदीची लागते. दिवाळीत गावी जाताना आपण भात नेत नाही, लाडू नेतो.

मोहरीचा किंवा सोयाबीनचा कोवळा दाणा कधी फोडून बघितलात तर हिरवा दिसेल. ते उगाच नाही. शेंगेच्या सालीतून झिरपणाऱ्या उजेडात तो दाणा उडून चाललेला कार्बन डायऑक्साइड थोडाफार परत पकडतो. भुईमूग जमिनीत, काळोखात. त्याला ही सोय नाही, सगळी भिस्त पानांवर. म्हणून शेवटच्या महिन्यात टिक्का किंवा तांबेरा रोग येऊन पानं झडली, तर शेतात शेंगा भरपूर दिसतात, दाणे मात्र सुरकुततात. शेतकरी सांगेल की उतारा चांगला आला, आणि ते खोटंही नसेल. शेंगा मोजल्या तर चांगलाच आला.

सुरकुतीवरून आठवलं. १९९८ साली अराबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या झाडात एक बिघडलेला वाण सापडला. त्याच्या बियांत नेहमीपेक्षा ८० टक्के कमी तेल होतं आणि बी सुरकुतलेलं. म्हणून त्या जनुकाला नावच 'रिंकल्ड-१' पडलं. ते जनुक कारखान्याचा मेन स्विच आहे. ते चालू झालं की साखर तोडणारी आणि मेदाम्लं बांधणारी एन्झाइमं एकदम कामाला लागतात. तुमच्या दाण्यांत स्विच बिघडलेला नव्हता. पण साखर पुरली नाही किंवा दिवस पुरले नाहीत, तर चेहरा तसाच दिसतो.

विटांची रांग लागते ती पेशीतल्या प्लास्टिड नावाच्या खोलीत. १६ किंवा १८ कार्बन झाले की रांग तोडली जाते आणि मेदाम्ल बाहेर येतं. नारळात हीच रांग १२ वरच कापणारं एन्झाइम असतं, म्हणून खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल. साखळी आखूड आणि सरळ असल्यामुळे ते २४-२५ अंशांखाली थिजतं. जानेवारीत येऊरच्या बाजूला पहाटे बाटली उलटी केली तरी तेल पडत नाही, ते यामुळे. भेसळ नसते ती.

शेंगदाण्यात साखळी १८ ची झाली की तिला एक वाकण पडतं, ते ओलेइक. त्यातल्या काहींना पुढे दुसरं एन्झाइम आणखी एक वाकण पाडतं, ते लिनोलेइक. तिसरं पडलं की लिनोलेनिक, जे जवसात निम्म्याहून जास्त असतं. वाकणं जितकी जास्त तितकं तेल पातळ, आणि तितकं हवेशी लवकर भांडतं. जवसाचं तेल चटकन खवटतं आणि क्रिकेटच्या बॅटवर लावलं की वाळून पापुद्रा धरतं, दोन्हीचं कारण एकच. हे दुसरं वाकण पाडणारं एन्झाइम थंडीत जास्त जोर करतं. म्हणून तोच सूर्यफुलाचा वाण गारव्यात पिकला तर तेलात लिनोलेइक वाढतं आणि उन्हाळ्यात भरला तर ओलेइक. भुईमुगात १९८७ साली फ्लोरिडात असा एक वाण नोंदला गेला ज्यात हे एन्झाइमच निकामी होतं. ओलेइक ८० टक्क्यांच्या घरात. आपल्याकडे त्या गुणाचे गिरनार-४ आणि गिरनार-५ हे वाण २०२० मध्ये आले. कधी मिळाले तर घ्या. तेल टिकतं, आणि तुमच्यासारखीला टिकणं म्हणजे पैसा.

आता तुमच्या घाण्याशी थेट संबंध असलेला भाग. सुटी मेदाम्लं साबणासारखी असतात. ती पेशीत मोकळी ठेवली तर पेशीचे पडदेच विरघळतील. म्हणून तीन मेदाम्लं एका ग्लिसरॉलला बांधून टाकतात. तीच तेलाची मोळी. ही बांधाबांध आंतर्द्रव्यजालिकेवर होते, म्हणजे पेशीतल्या घड्याघड्यांच्या पडद्यावर. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात चित्र असायचं ते. हा पडदा दुपदरी असतो. घडीच्या पोळीचे दोन पापुद्रे डोळ्यांसमोर आणा. तेलाला पाणी नको असतं, म्हणून ते दोन पापुद्र्यांच्या मधे साचत जातं. पोळी तव्यावर फुगते तसा तिथे फुगा येतो आणि शेवटी वरचा एकच पापुद्रा अंगावर घेऊन तो थेंब सुटा होतो. या थेंबाचा व्यास अर्धा ते दोन-अडीच मायक्रोमीटर. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे तीस-चाळीस थेंब शेजारी शेजारी मावतील.

त्या पापुद्र्यावर एक प्रथिन बसतं, ओलिओसिन. त्याचा मधला लांब भाग पाण्याला इतका भितो की तो थेट तेलात टाचणीसारखा रुतून बसतो, आणि दोन्ही टोकं बाहेर पसरून थेंबाला पांघरूण घालतात. त्यामुळे दोन थेंब एकमेकांना चिकटले तरी मिसळत नाहीत. याची गरज दाणा वाळताना कळते. पेशीतलं पाणी निघून जातं, थेंब एकमेकांवर दाबले जातात. पांघरूण नसतं तर सगळे मिळून एक मोठा गोळा झाला असता. पुढे रुजताना कोंबाला तेल हळूहळू, कडेकडेने खात जायचं असतं. लहान थेंबांना कडा जास्त, गोळ्याला कमी.

हे घरी बघता येतं. कच्चे दाणे रात्रभर भिजवून पाण्याबरोबर मिक्सरमधून काढा आणि गाळा. दूध मिळेल. तेलाचा तवंग येणार नाही, फार तर सकाळी वर साय येईल. ते दूध म्हणजे पांघरूण घातलेले थेंब पाण्यात तरंगताहेत. आता तेच दाणे खमंग भाजून, कोरडेच फिरवा. दाण्याचं कूट करताना मिक्सर जरा जास्त फिरला की भांड्याला गोळा चिकटतो आणि कडेने तेल सुटतं, हा अनुभव प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. भाजल्यामुळे पाणी गेलं, प्रथिनाचं पांघरूण फाटलं, थेंब मिसळले.

तुमचा घाणा दिवसभर तेच करतो, भाजल्याशिवाय, नुसत्या रगडण्याने. जुने तेली घाणा फिरताना पाण्याचा हबका मारतात, त्याने चोथा गोळा होऊन तेलाला वाट मिळते. पण हबका आणि ओल यांत फरक आहे. दाण्यातच पाणी जास्त असेल तर घाण्यात तुम्ही नकळत ते मिक्सरमधलं दूध बनवत असता. तेल पाण्यात, प्रथिनात अडकतं. थोडं पेंडीत जातं, थोडं तेलाबरोबर येऊन डब्याच्या तळाशी बसतं. हाच तुमचा गाळ. दाण्यात ओल ८ टक्क्यांच्या आत हवी. दाणा दोन बोटांत दाबला की कट्कन दोन पाकळ्या व्हायला हव्यात. वाकला, चिवट लागला, की परत उन्हात घाला.

पण ओल हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं कोवळेपणाचं.

दाण्याचं आयुष्य ढोबळमानाने असं: आधी पेशी वाढवायच्या, मग त्या भरायच्या, मग वाळायचं. पहिल्या टप्प्यात दाण्यात पाणी, साखर आणि थोडं पीठ असतं, तेल नावाला. श्रावण-भाद्रपदात जांभळी नाक्यावर ओल्या शेंगांचे ढीग लागतात, त्यातली एक अगदी कोवळी शेंग फोडा. टरफल आतून पांढरं, कापसासारखं फुगलेलं असतं, दाणा गुलाबी आणि पाणचट गोड. तो तपकिरी कागदावर चिरडा आणि शेजारी टणक शेंगेतला दाणा चिरडा. तासाभराने बघा. पाण्याचा डाग उडून जातो, तेलाचा राहतो आणि कागद तिथे पारदर्शक होतो. पहिल्या दाण्याचा डाग जवळजवळ नाहीसा झालेला असेल. प्रयोगशाळेत आम्ही हेच ब्लेडने पातळ काप काढून, सुदान रंग लावून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. कोवळ्या कापात लाल ठिपके इथे-तिथे, जत्रा उठल्यानंतरच्या मैदानासारखे. पक्क्या दाण्यात पिठाच्या आणि प्रथिनांच्या कणांमधली जागा लाल थेंबांनी गच्च, सकाळची ८:१२ ची ठाणे लोकल जशी.

आपल्या कोकणात ही गोष्ट सगळ्यांत स्वच्छ दिसते ती नारळात, फक्त आपण तिच्याकडे तशा नजरेने बघत नाही. सहा-सात महिन्यांचं शहाळं: पाणी भरपूर, साखर भरपूर, मलई पातळ. बारा महिन्यांचा नारळ: पाणी कमी, खोबरं जाड, दूध दाट. पाणी आणि खोबरं हे दोन्ही एकाच भ्रूणपोषाचे, म्हणजे कोंबासाठी साठवलेल्या अन्नाचे भाग. शहाळ्याच्या मलईचं तेल काढायला कोणी बसत नाही, पण कोवळ्या शेंगदाण्याचं काढायला आपण बसतो, कारण वाळल्यावर तो दाण्यासारखाच दिसतो.

भुईमुगात अडचण अशी की एकाच झाडावर सगळ्या वयाच्या शेंगा असतात. फुलं महिना-सव्वा महिना येतच राहतात. पहिल्या फुलाची शेंग पिकून काळपट होते तेव्हा शेवटच्या फुलाची शेंग बाळसं धरत असते. उपट्या, म्हणजे उभ्या वाढणाऱ्या जातीचं पीक साधारण १०० ते ११५ दिवसांत काढतात, जमिनीवर पसरणाऱ्या पसरीचं त्याहून उशिरा. भाव चढा असला, पाऊस येणार असला किंवा पुढच्या पिकाची घाई असली की शेतकरी पंधरा दिवस आधी उपटतो. मी त्याला दोष देत नाही. ओल्या जमिनीत शेंगा राहिल्या तर बऱ्याच उपट्या जातींना तिथेच कोंब फुटतात. पण तेल भरण्याचे ते शेवटचे दिवस असतात. तेवढ्यात झाडाला खुंटलं तर साखळ्या बांधून झालेल्या असतात, पण मोळ्या पूर्ण झालेल्या नसतात. म्हणून कच्च्या दाण्याच्या तेलात सुटी मेदाम्लं जास्त निघतात, आणि सुटी मेदाम्लं जास्त म्हणजे खवटपणाला आयतं निमंत्रण. तुमच्या महिन्याभराच्या वासाचा उगम इथे आहे.

व्यापाऱ्याची बाजूही थोडी ऐका. बारीक दाणा म्हणजे कोवळा दाणा, असं नसतं. बाजारात बोल्ड आणि जावा असे दोन मुख्य प्रकार चालतात. जावा मुळातच लहान आणि गोल, पण पूर्ण भरलेला असतो. खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालेला आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर १९९१ साली आलेला टीएजी-२४ उन्हाळी भुईमुगात बरीच वर्षं चालला, तोही काही थोराड दाण्याचा नव्हे. (ट्रॉम्बेला मराठीत तुर्भेच म्हणतात. खाडीच्या दोन्ही काठांना तुर्भे, त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेची टपालं एकदा-दोनदा तिकडे फिरून आली आहेत.) तेव्हा आकार बघू नका, साल बघा. भरलेल्या दाण्याची साल ताणलेली, गुळगुळीत असते. कोवळ्याची वाळल्यावर मनुक्यासारखी चुरगळते, कारण आतलं पाणी गेलं आणि जागा भरायला तेल नव्हतं. शेंगा मिळाल्या तर आणखी सोपं: टरफल आतून काळपट-तपकिरी असेल तर दाणा पक्का, पांढरं असेल तर कच्चा. शंभर शेंगा फोडल्या तर किती पांढऱ्या निघतात, यावर सौदा करायला हरकत नाही.

एक फजिती सांगतो, माझीच. वाशीच्या बाजारातून एकाच गोणीचे दोन नमुने आले, दोन दिवसांच्या अंतराने. दाणे दळायचे, कागदी टोपीत भरायचे, सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात हेक्झेन, म्हणजे तेल विरघळवणारा द्रव, उकळवत ठेवायचं. वाफ वर जाऊन थंड होते, दाण्यांवर ठिबकते, नळी भरली की गटकन खाली उतरते, आणि असं तासन् तास चालतं. पहिल्या नमुन्यात तेल आलं ४७ टक्के, दुसऱ्यात ३९. व्यापारी संतापला आणि साहेबांनी मला समोर उभं केलं. मी काटा तपासला, हेक्झेन बदललं, पुन्हा केलं. तेच आकडे. शेवटी गोणीच मागवली आणि ओतून बघितली. ट्रकमध्ये हादरे बसून बारीक, सुरकुतलेले दाणे तळाशी उतरले होते. पहिला नमुना वरचा होता, दुसरा तळाचा. आकडे दोन्ही खरे होते.

शेताशी तुमचा थेट संबंध असेल तर एवढंच विचारा, आऱ्या सुटताना जिप्सम घातलं होतं का. शेंगेला लागणारं कॅल्शियम वरून पानांतून येत नाही, शेंग ते सालीतून थेट मातीतून घेते. ते कमी पडलं तर शेंगा पोचट राहतात आणि मग बाकी काहीही करून उपयोग नसतो.

तुमच्याकडे उरलेल्या गोणीचं असं करा. मोठ्या भोकाच्या चाळणीने चाळा, चुरगळलेले वेगळे काढा. त्यातले काळपट, बुरशीचा वास येणारे फेकून द्या. बुरशी दाण्यात विष सोडते, आणि भाजून किंवा तेल काढून ते पूर्ण जात नाही, आणि तुमचं तेल गाळणीतून जातं, रिफायनरीतून नाही. बाकीचे दोन कडक उन्हं दाखवून लगेच चटणीला किंवा कुटाला वापरा, घाण्यात घालू नका. मोठे दाणे कट्कन फुटेपर्यंत वाळवून मग घाण्यात. आणि पुढच्या वेळी दुकानात नमुना दाखवतील तो वाडग्यातला घेऊ नका. गोणीच्या तळाला टाचणभर उसवायला सांगा आणि तिथून मूठभर काढा.